सिद्रामप्पांचे चौदा साचे

सिद्रामप्पांना कुणी "सात आठे किती?" असं विचारलं, तर ते क्षणभर छताकडे बघायचे. मग कानामागची पेन्सिल काढून एका चिठोऱ्यावर सात आणि आठ असे दोन आकडे नीट लिहून घ्यायचे, चिठोरं टोपीत खोचायचे आणि म्हणायचे, "उद्या सकाळी सांगतो की."

आणि सांगायचे. दुसऱ्या दिवशी साडेदहाला कचेरीत शिरले, की छत्री खुंटीला अडकवायच्या आधी तुमच्या टेबलाशी येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "छप्पन." तोवर आपण काल काय विचारलं होतं, हेच तुम्ही विसरलेले असायचात.

असा हा माणूस वीस वर्षं ओव्हरसियर होता. सोलापुरातली आमची कचेरी रस्ते आणि मोऱ्या बांधणारी. मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जावं म्हणून बांधलेली कमान. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपला जावई लोकांच्या न्हाणीघरांचे नकाशे काढतो, असं माझ्या सासूबाई मरेपर्यंत समजत होत्या. मी तिथे ट्रेसर होतो. ओव्हरसियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा खळ दिलेल्या पातळ कापडावर शाईने गिरवायचा, एवढंच माझं काम. त्यात स्वतःचं डोकं वापरायला सक्त बंदी होती आणि मला ती मानवली होती.

ओव्हरसियरला मात्र डोकं लागतं. ओढा किती रुंद, पुराची खूण किती उंच, वरून जाणाऱ्या बैलगाडीचं ओझं किती, यावरून कमान किती मोठी आणि भिंत किती जाड ते काढावं लागतं. दरवेळी दोन-तीन दिस्ते कागद खराब होतात. बाकीचे ओव्हरसियर या कामाला बसले, की त्यांच्या आसपास कुणी शिंकायचीही चोरी. सिद्रामप्पांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे साचे होते.

साचा हा त्यांचाच शब्द. स्वतः विकत आणलेले चौदा जाडजूड कागद, प्रत्येकावर पक्क्या शाईने आखलेली घरं. मोरीचा साचा वेगळा, विहिरीच्या कठड्याचा वेगळा, छपराच्या तुळईचा वेगळा. पहिल्या घरात ओढ्याची रुंदी पेन्सिलीने भरायची, दुसऱ्यात पुराची उंची, तिसऱ्यात रस्त्याची रुंदी. चौथ्या घराखाली शाईत लिहिलेलं असे, 'पहिलं गुणिले दुसरं'. असं करत करत खाली उतरलं, की तळाशी भिंतीची जाडी आपोआप हजर. काम झालं की रबराने आकडे पुसायचे, की साचा पुढच्या ओढ्याला मोकळा. वीस वर्षांत त्या घरांवर एवढं रबर फिरलं होतं, की कागदामागचं बोट पुढून दिसायचं.

"रीत तीच, आकडे नवे," अप्पा म्हणायचे. "ओढा बदलतो, पाणी वाहायचं बदलत न्हाय. मग दर टायमाला डोकं कशाला शिणवायचं? डोकं एकदाच चालवायचं, ते बी तरुणपनी."

प्रत्येक साच्याच्या तळाशी एक जादा घर होतं. त्याचं नाव 'भ्याव'. भिंत दीड फूट पुरते असं निघालं, तरी या घरात तिची दुप्पट व्हायची.

"हिशेब बरोबर आला म्हनून काय झालं," अप्पा सांगायचे, "मानसाला भ्याव पायजेच की."

गंमत अशी, की एवढी सोपी रीत आखणारा हा माणूस पहिली तीन घरं भरून थांबायचा. ओढ्यावर जाऊन टेपेने मोजून आणलेले आकडे तेवढे भरायचे आणि पाच वाजता साचा खादीच्या पिशवीत घालून घरी न्यायचा. दुसऱ्या दिवशी खालची सगळी घरं भरलेली असत, आणि तीही कानडी आकड्यांत. मग अप्पा ते सावकाश इंग्रजी आकड्यांत उतरवून काढत. अप्पांचं शिक्षण कानडी शाळेतलं, त्यामुळे कानडी आकड्यांचं कुणाला काही वाटलं नाही. पण त्यांना गुणाकार येत नाही, घरी उशीखाली पाढ्यांचं पुस्तक ठेवून ते रात्रभर घोकतात, याबद्दल कचेरीत एकमत होतं. आमचे हेडक्लार्क तर म्हणत, "अप्पांनी घरात मुंजा पाळलाय. भाकरीच्या बदल्यात गुणाकार करतो." अप्पा हे ऐकून खूश व्हायचे. आपल्याला गुणाकार येत नाही या बातमीचा स्वतःच एवढा प्रसार करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

'साचा' या शब्दाने एकदा घोटाळा केला. सोलापुरात साचा म्हणजे गिरणीतला माग. कुणाला तरी कुठून तरी कळलं, की अप्पांकडे चौदा साचे आहेत आणि एक माणूस वीस वर्षं ते चालवतो. झालं. एका दुपारी व्यंकय्या नावाचा एक विणकर डोक्याचं मुंडासं हातात घेऊन कचेरीच्या दारात उभा राहिला.

"अप्पा, एक साचा मला द्या की," तो म्हणाला. "काम बगा आनि मग बोला. तीन पिढ्या तेच करतोय आमी."

वीस वर्षांत साचा मागायला आपणहून आलेला हा पहिला माणूस. अप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विहिरीच्या कठड्याचा साचा त्याच्यापुढे पसरला. व्यंकय्याने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"आनि मागाचा धोटा कुटं लावायचा?" त्याने विचारलं.

दोघांचा घोळ उलगडायला अर्धा तास गेला. दुसरा कुणी असता, तर ओशाळून घरी गेला असता. अप्पांनी मात्र त्याला सोडलं नाही. लुगडं किती हात, पन्हा किती, एका बोटात धागे किती, असं विचारत त्यांनी तिथल्या तिथे लुगड्याच्या सुताचा साचा आखला. "कठडा काय आनि लुगडं काय, रीत तीच," असं म्हणत त्यांनी तळाशी भ्यावाचं घरही काढलं, कारण सूत तुटतंच. पुढे साखरपेठेतले निम्मे विणकर तो साचा वापरायला लागले असं म्हणतात. व्यंकय्या मात्र येताजाता विचारायचा, "अप्पा, ते चौदा खरंच कागदच हायत का?"

माझ्या पहिल्या मुलाच्या बारशालाही अप्पांनी साचा केला होता. पानं किती, त्यात सासरची किती, हे विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणाचं माप आणून दिलं. सासरचा एक माणूस आपल्या दीड माणसाबरोबर धरला होता. शेवटी ज्याचं त्याला पुरलं आणि चार पोळ्या उरल्या. "ते भ्यावाचं," अप्पा म्हणाले.

याच बारशाने पुढचा सगळा अनर्थ केला, आणि त्यात दोष माझा होता.

आमच्या धंद्यातलं एक उघडं गुपित सांगतो. नकाशा गिरवायचं ते कापड गरम पाण्यात धुतलं, की खळ निघून जाते आणि खाली उरते ती सुरेख मलमल. बाद झालेला एखादा नकाशा ट्रेसरच्या घरी जाणं आणि त्याचं झबलं होणं, ही पिढीजात चाल होती. माझ्या बायकोनेही तेच केलं. फक्त शाई पुरती निघाली नव्हती, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बारशाला आमचे नवे साहेब आले होते. नुकतेच पुण्याहून बदलून आलेले, तरुण, कमी बोलणारे, खिशात गुणाकाराची सरकती पट्टी बाळगणारे. त्यांनी कौतुकाने बाळाला उचललं आणि उलटं करून खांद्यावर घेतलं. बाळाच्या पाठीवर माझ्याच वळणदार अक्षरात फिकट दिसत होतं, 'मंद्रूप रस्ता, मैल पाचवा'.

साहेबांनी ते वाचलं. खांद्याला हात लावून पाहिला आणि बाळ माझ्या हातात परत देत म्हणाले, "पाचव्या मैलाला ओल दिसते."

सोमवारी भिंतीवर हुकूम लागला. कचेरीतील कोणताही कागद अगर कापड कोणाही नोकराने कचेरीबाहेर नेऊ नये.

मी मनात म्हटलं, सुटलो. बाकीचेही हसले. फक्त सिद्रामप्पा त्या हुकुमापुढे बराच वेळ उभे होते. त्यांनी तो दोनदा वाचला, मग माझ्याकडे येऊन विचारलं, "गोपाळराव, कोणताही म्हंजे सगळे का हो?"

गुरुवारी साहेबांनी त्यांना बोलावलं. "वळसंगच्या मोरीचा हिशोब झाला?"

"उद्या सकाळी सांगतो की, साहेब."

"उद्या सकाळी कसा सांगाल? कागद तर रात्रभर इथेच राहणार," साहेब म्हणाले. "आत्ताच करा. मी बसतो."

आम्ही सगळे माना खाली घालून कान टवकारून बसलो. हेडक्लार्कांनी तर डोळे मिटून घेतले. अप्पांनी पिशवीतून मोरीचा साचा काढला, वरची तीन घरं भरली आणि पेन्सिल न उचलता खाली उतरत गेले. साहेब सरकती पट्टी पुढे-मागे करत चौथ्या घराशी पोचले, तेव्हा अप्पा भ्यावाची दुप्पट करून रेघ मारत होते. साहेबांनी पुन्हा सगळं तपासलं. एक आकडा चुकलेला नव्हता.

"शाबास," साहेब म्हणाले. अप्पांचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा झाला होता.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी नेऊन बसवलं आणि सरळ विचारलं, "अप्पा, वीस वर्षं आम्हाला बनवलंत. कशासाठी?"

"तुमाला कशाला बनवू? घरी कळू ने म्हनून." ते पाण्याकडे बघत म्हणाले. "गुणाकार आमच्या मंडळी करतात."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगी होती, महादेवी. सातव्या वर्षी तापाने गेली. त्यानंतर गौराक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या. स्वयंपाक करायच्या, वाढायच्या आणि पुन्हा जाऊन बसायच्या. चार महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. एका संध्याकाळी अप्पा घरी साचा भरत होते. गौराक्कांची कानडी शाळेत दोन यत्ता झाल्या होत्या, पाढे पाठ होते. अप्पा मोठ्यांदा पुटपुटत होते आणि सात आठेला चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा, त्यांच्या तोंडून 'चोपन' गेलं.

"आनि कोपऱ्यातनं आवाज आला, 'ऐवत्तारु.'" अप्पांनी डोळे पुसले. "छप्पन. चार महिन्यांनी पयला शब्द. त्या दिवसापासनं मला गुणाकार येत न्हाय, गोपाळराव. तिला वाटतंय, तिनं हिशेब केला न्हाय तर माझी नोकरी जाईल. म्हनून ती उठती, दिवा लावती, कागद मागती. मग कचेरीत मी कसा करू? सोलापूर केवढं? देवळात कुनी तरी बोलायचं, की तुमच्या मालकाला लई झटपट येतंय."

"आणि आता?"

"तीन दिवस झालं, रिकामा जातोय. पयल्या दिवशी इचारलं तिनं, लोकांनी रस्ते बांधायचं थांबवलं का म्हनून. काल इचारलं बी न्हाय. चूल इझवून कोपऱ्यात जाऊन बसली."

मला ते झबलं आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. एका बाईचा आधार मी तुकडाभर मलमलीपायी काढून घेतला होता. साहेबांकडे जाऊन सगळं सांगावं म्हटलं, तर अप्पा हात जोडायला लागले. बायकोकडून सरकारी हिशोब करवले, हे त्यांना कसं सांगणार? मी बसल्या बसल्या विचार केला. डोकं वापरायची सवय नसल्यामुळे वेळ लागला, पण सुचलं.

"अप्पा, साचे कुणाचे?"

"माझे. कागद माझे, शाई माझी."

"मग ते हुकुमात येत नाहीत. कचेरीचे आहेत ते फक्त वरच्या घरांतले आकडे. ते इथे राहू द्या. घरी न्यायला आकडे मी देतो."

"कुठल्या ओढ्याचे?"

"नसलेल्या."

अप्पा असे दचकले, की तळ्यात पडतात की काय असं वाटलं. नसलेल्या ओढ्यावर मोरी बांधणं हे त्यांच्या लेखी घोर पाप होतं. दोन दिवस त्यांनी मनाशी झटापट केली. शेवटी एका अटीवर तयार झाले.

"ओढा खोटा असला तरी पानी खरं पायजे," ते म्हणाले. "कायच्या काय आकडे चालणार न्हाईत."

तेव्हापासून माझ्या आयुष्याला नवी दिशा मिळाली. रोज पाच वाजता मी अप्पांना एक ओढा द्यायचो. सुरुवातीला माझे ओढे त्यांना पसंत पडत नसत. "एवढ्या रुंदीला एवढं उथळ? ह्यो ओढा हाय का तुमची पाठ?" असं म्हणून परत करत. हळूहळू माझा हात बसला. आपल्या जिल्ह्यात पावसाची काय तऱ्हा असते ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझ्या ओढ्यांना दर आठवड्याला पूर यायचा. वर्षभरात मी अक्कलकोटच्या वाटेवर अकरा, वळसंगच्या आसपास नऊ आणि मंद्रूपच्या बाजूला तर मोजदाद सोडून दिली इतके ओढे वाहवले. अप्पांना गुणाकार येतो हे बाहेर न बोलण्याची शपथ मी कचेरीतल्या सगळ्यांना घातली होती. हेडक्लार्क स्वतः गौराक्कांना देवळात भेटून म्हणाले होते, "अप्पांचं गुणाकाराचं काही खरं नाही हो, आक्का." बाईंची चूल पुन्हा वेळेवर पेटायला लागली. अप्पा रोज सकाळी भरलेला साचा मला दाखवून पुसून टाकायचे. पुसताना त्यांना वाईट वाटायचं. "चांगली मोरी होती," म्हणायचे.

एकदा अप्पा साहेबांबरोबर अक्कलकोटच्या बाजूला रस्ता पाहायला गेले. परतायला उशीर होणार होता, म्हणून जाताना मला सांगून गेले, "साचा घरीच हाय, आकडे तेवढे देऊन या." मी कानडी आकडे लिहायला शिकलो होतो. दिवेलागणीला चिठ्ठी घेऊन त्यांच्या घरी गेलो. तोवर मी गौराक्कांना लांबूनच पाहिलं होतं. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांनी मला पाटावर बसवलं, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुढे ठेवली आणि दिव्याशी बसून चिठ्ठी वाचली.

"ह्यो कुटला ओढा म्हनायचा?"

"मंद्रूपच्या पलीकडचा," मी ठोकून दिलं.

"माझं म्हायेर तितलंच हाय," गौराक्का म्हणाल्या.

मला ठसका लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"आमच्या शिवारात एकच ओढा हाय. पावसाळ्यात कोंबडी त्यातनं चालत जाती, तिचे पाय भिजत न्हाईत. गेल्या म्हैन्यात त्येनी तितलाच म्हनून आनला, त्याला तुमी आठ फूट पानी दिलंत."

मी चूक कबूल करायला लागलो. झबलं, हुकूम, साहेब, सगळं. त्यांनी हातानेच थांबवलं.

"असू द्या. त्यास्नी सांगू नका, मला कळलंय म्हनून."

"केव्हापासून कळलंय?"

"ओढ्याचं? पयल्या आठवड्यात." त्या पेन्सिलीला टोक काढत होत्या. "आनि गुणाकाराचं पयल्याच दिवशी. सात आठे चोपन म्हननारा मानूस ओव्हरसियर हुईल व्हय?"

"मग इतकी वर्षं तुम्ही..."

गौराक्कांनी दिव्याची वात सारखी केली.

"पोर गेली तवा मी बोलत नव्हते, हे त्येनी तुमाला सांगितलं असंल," त्या म्हणाल्या. "ते बी बोलत नव्हते, हे न्हाय सांगणार. घरात यायचे, ताटावर बसायचे, माझ्याकडं बघायला बी भ्यायचे. मला दिसत हुतं, पर माझ्यानं काय हुईना. मंग त्या दिवशी ते चोपन म्हनले. किती वेडं मानूस, म्हटलं. मी छप्पन म्हनले, तर त्यांचा चेहरा असा उजळला, की दुसऱ्या दिवशी मला परत म्हनावं लागलं." त्यांनी साचा मांडीवर घेतला. "आता रोज बसत्यात समोर. ह्ये किती, त्ये किती, इचारत्यात. मधीच कचेरीचं सांगत्यात. कुनाचं काय, कुनाचं काय. कागद नसला की ते परत मुके हुत्यात. त्या दिवसांत बगितलं न्हवं का मी. म्हनून कोपऱ्यात जाऊन बसले हुते. म्हटलं, कागद घेऊन येतील कुटनं तरी."

त्यांनी पहिल्या तीन घरांत माझे आकडे उतरवले. बाकीची घरं तशीच ठेवून साचा दिव्याखाली नीट झाकून ठेवला. अप्पा यायचे होते.

मी निघालो तेव्हा त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. "गोपाळराव, एक काम करा की. तुमचे ओढे लई बारके असत्यात. सात-आठ गुणाकारांत संपून जात्यात, मंग ते झोपत्यात. जरा मोठा द्या."

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना तीन कमानींचा पूल दिला. एकवीस गुणाकारांचा.